टोपण मुठीत

शनिवार पेठेतल्या माझ्या सीएंच्या ऑफिसात एक शिपाई आहेत. कोणालाही पेन देताना ते टोपण स्वतःच्या मुठीत ठेवतात. "अहो, पेन परत यायला हवं," म्हणतात. पेन परत आलं की खिशाला लावून वरून दोनदा थोपटतात.

जमिनीखाली तांबं शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी सीएंच्या शब्दावर निवृत्तीचे पैसे घातले होते. परवा आणखी घालायला गेलो. सीए फोनवर बोलत बाहेर गेले, म्हणून टेबलावरची कंपनीची फाइल सहज चाळली. सगळ्यात मोठा भागधारक कोण, तर हे शिपाई! फोटोसकट. बँकेच्या कर्जाला जामीनही हेच. माझ्या हातातला पाण्याचा ग्लास फाइलवरच कलंडला.

पाणी आणून देणारे शिपाई तिथेच उभे होते; त्यांनी फडक्याने पान हलकेच टिपलं.

"अहो, ही कंपनी तुमची?" मी कसंबसं विचारलं.

"कागदावर. साहेब दाखवतात तिथे सही करतो."

"न वाचता?"

"मागच्या वेळी तुम्ही तरी कुठे वाचलंत?" म्हणत त्यांनी नवा फॉर्म पुढे सरकवला आणि पेन दिलं.

टोपण मुठीतच होतं.