झाकणावरचा पोचा

शेगडीवाल्यांना पूर्वी सगळे लिफ्टवाले म्हणायचे. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर आठवड्याच्या आत भंगारातून एक गंजकी, तीन पायांची, कोळशाची शेगडी घरी आणली. वर गोल झाकण, आत लोखंडी जाळी, खाली राखेची थाळी. हल्ली तिला ग्रिल म्हणतात. एके काळी ती घरोघरच्या अंगणात असायची. मग गॅसच्या आल्या, विजेच्या आल्या आणि या बिचाऱ्या कुठल्यातरी छपराखाली कुजत पडल्या. शेजारी म्हणाले, नव्याचे नऊ दिवस. बायको म्हणाली, "नऊ दिवसांत ही बाहेर गेली नाही तर मी जाईन." त्याला बारा वर्षं झाली. बायको आहे, आणि गॅरेजमधल्या शेगड्या पाचाच्या खाली कधी आलेल्या नाहीत. गाडी मात्र बाहेर उन्हात उभी असते.

शेगडी आली की ते आधी झाकण उघडून आत नाक खुपसायचे. जुन्या धुराचा वास खोलवर ओढायचे आणि मगच कामाला लागायचे. जाम झालेले स्क्रू दोन दिवस रॉकेलमध्ये भिजत घालायचे, तारेच्या ब्रशनं गंज काढायचे, मुठीचं लाकूड जळलं असेल तर नवं कातून बसवायचे आणि शेवटी भट्टीला लावतात तो काळा रंग द्यायचे. पोचा तर त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. झाकण वाळूच्या पिशवीवर उताणं ठेवून लाकडी हातोडीनं आतून हळूहळू ठोकत बसायचे, हात फिरवला तरी जागा सापडू नये इतकं. त्यांच्या हातून गेलेल्या शेगडीवर पोचा दाखवावा, असं ते पैजेवर सांगायचे.

विकायची वेळ आली की गिऱ्हाइकाची परीक्षा. "कोळसा पेटला हे कसं ओळखाल?" कुणी म्हणालं, ज्वाळा दिसल्या की, तर हे शांतपणे सांगायचे, "ही विकली गेलीय." बायको आतून शिवणयंत्र थांबवून ओरडायची, "अहो, शेगडी विकताय की मुलगी देताय?" पण एखाद्यानं "वर पांढरी राख धरली की" असं नीट उत्तर दिलं तर त्याची तासभर सुटका नसे. मग वडिलांची रीत सांगायची. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरायचा आणि अंक मोजायचे. तीनच्या आत हात ओढावा लागला तर कोळसा फार तापलाय. पाचापर्यंत टिकला तर ठेवा बटाटे.

लोकांना वाटे, म्हाताऱ्याला छंद लागलाय. लागला होता हे खरंच, पण बारा वर्षं ते त्या सगळ्या शेगड्यांमध्ये एकच शेगडी शोधत होते, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

ती वडिलांची. वडील कारखान्यात बॉयलरवर होते. आठवडाभर दुसऱ्याची आग सांभाळायची आणि सुटीच्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात स्वतःची पेटवायची. मोठा मुलगा तेरा वर्षांचा, धाकटा, म्हणजे आपले शेगडीवाले, नऊचा. दोघांनाही अहोजाहो करायचं वय नव्हतं, म्हणून इथं करत नाही. दादाला पुढच्या सुटीपासून कोळसा पेटवायला शिकवायचं असं ठरलं होतं. दादा आठवडाभर त्याच तोऱ्यात होता. झाकणाला मात्र वडिलांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा.

वडील पाणी प्यायला आत गेले आणि धाकट्याला बटाटे झाले की नाही ते बघायचं होतं. मूठ तापलेली होती. झाकण हातातून सुटलं, दगडी पायरीच्या कडेवर आदळलं, आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा आवाज झाला. "कोणी पाडलं?" करत वडील बाहेर आले, तोवर दादानं झाकण उचलून छातीशी धरलं होतं. तो म्हणाला, "माझ्या हातून पडलं."

दोन थपडा बसल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण थपडांचं काही नाही, त्या काळी त्या जेवणाआधी हात धुण्याइतक्या नेहमीच्या होत्या. वडील म्हणाले, "तुझ्या हातात आग द्यायची सोय नाही." आणि पुढच्या सुटीपासून कोळसा पेटवायला शिकला तो धाकटा. शिकला, आवडीनं शिकला, आणि मूग गिळून बसला. वडील गेले, आईनं घर आवरताना शेगडी कुणाला तरी देऊन टाकली, आईही गेली. झाकणावरच्या अंगठ्याएवढ्या खोल पोच्याबद्दल दोघं भाऊ एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

या वर्षी भंगारवाल्यानं एक बंद पडलेली लाँड्री रिकामी केली आणि मागच्या शेडमधली शेगडी सवयीनं इकडे आणून टाकली. शेगडीवाल्यांनी नाक खुपसायच्या आधी पाय पाहिले. दोन पाय पत्र्याचे, तिसरा पाण्याच्या पाइपचा, टोकाला आटे पाडलेला. तो वडिलांनी बसवला होता. ते तिथंच रंगाच्या डब्यावर बसले आणि बायकोनं चहाला तीन हाका मारल्या तरी उठले नाहीत.

दीड महिना त्यांनी दुसऱ्या कशाला हात लावला नाही. दादाला फोन केला, "महिनाअखेर ये. एक गंमत आहे." दादांची नजर साखरेनं नेली होती. उजेड-अंधार कळे, तेवढंच. त्यांची सून गाडीनं आणून सोडणार होती. सगळं झालं, पोचा तेवढा उरला. बायको झाकण पुसता पुसता म्हणाली, "हा राहू दे की. जुन्या वस्तूवर काहीतरी जुनं नको?"

"तुला त्यातलं कळत नाही," ते म्हणाले. त्यांना वाटलं, दादाला दिसत नाही, पण बोटं तर फिरतील. ज्याच्यापायी त्यानं मार खाल्ला, तेच त्याच्या बोटांना का लागावं? चार दिवस ठोकून त्यांनी तो पोचा असा काढला की आयुष्यात तसं काम झालं नसेल. माफी मागायची तर तोंडानं मागावी, हातोडीनं नव्हे. पण बासष्ट वर्षं गप्प बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

दादा दुपारी आले. मागच्या दारी पायरीजवळ खुर्ची टाकली होती, शेगडी समोर. बायको बजावून आत गेली, "रंग ताजा आहे. दोघंही म्हातारे आहात, जपून हाताळा."

"कुणाची शेगडी आणलीस रे छोट्या?" म्हणत दादांनी हात पुढे केला. बोटं थाळीवरून खाली उतरली, एक पाय, दुसरा पाय, आणि तिसऱ्याच्या आट्यांवर थांबली. दादांचा चेहराच बदलला. "बाबांचा पाइप! अरे, ही आपली आहे!" ते आट्यांवरून पुन्हा पुन्हा नख फिरवत राहिले आणि शेगडीवाल्यांना वाटलं, बारा वर्षांचं सार्थक झालं.

मग दादांनी झाकण मागितलं. मांडीवर घेऊन तळहात फिरवला. एकदा, दोनदा. मग कडेकडेनं अंगठा. बराच वेळ ते शोधत राहिले.

"झाकण दुसरं बसवलंस?"

"नाही. तेच आहे."

"मग आपला पोचा?"

"काढला."

"का?"

"मला तो बघवत नव्हता, दादा. तो माझा होता. तू मार खाल्लास आणि मी गप्प बसलो. वर पेटवायलाही मीच शिकलो. हे सगळं जे मी करत बसलोय ना, ते तुझं होतं. माझं चुकलं. तेव्हाच बोलायला हवं होतं."

"पोचा तुझा होता हे मला सांगतोस?" दादा म्हणाले. "मी शेजारीच उभा होतो की. पण त्या शेगडीवर माझं म्हणून तेवढंच होतं रे. कुणालाही विचारलं तरी सांगायचे, हा थोरल्यानं पाडला. पुढं पुढं तर मलाही मजा वाटायची. आणि तू तोही पुसून टाकलास."

शेगडीवाल्यांनी त्या गुळगुळीत झाकणाकडे पाहिलं. बारा वर्षं दुसऱ्यांचे पोचे काढले, आणि जो ठेवायचा होता तोच नेमका गेला. पोचा काढता येतो, परत आणता येत नाही. हातोडीनं पाडला तर ती नक्कल होईल, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"इथं पायरी आहे ना?" दादांनी विचारलं. "दगडी?"

"आहे. तुझ्या उजव्या पायापाशी."

दादा उठले. पायानं पायरीची कड चाचपली. झाकण दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचललं, क्षणभर तसंच धरलं आणि सोडून दिलं.

आवाज असा झाला की पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. शिवणयंत्र थांबलं. "काय पडलं? कोणी पाडलं?" करत बायको हातात कात्री घेऊन दारात आली. दादांनी तोंड उघडलंच होतं. पण तोवर शेगडीवाल्यांनी वाकून झाकण उचललं होतं आणि ते छातीशी धरून उभे होते.

"माझ्या हातून पडलं," ते म्हणाले.

"तुमच्या? दीड महिना घासून? आता काय म्हणावं या माणसाला!" बायकोनं पुढची पाच मिनिटं जे काही म्हणावं ते सगळं म्हटलं. एवढा ताजा रंग, एवढी मेहनत, सांगितलं होतं जपा म्हणून. शेगडीवाले मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बायकोला वाटलं, आपलं जरा जास्तच झालं. ती पुटपुटत आत गेली.

दादा खुर्चीत बसून आवाज न करता हसत होते, खांदे गदागदा हलत होते. "आण इकडे," ते म्हणाले. कडेजवळच्या ताज्या खळग्यात त्यांनी अंगठा बसवून पाहिला.

"जरा डावीकडे झाला. चालेल," ते म्हणाले. "आता कोळसे आण. पेटवायचे कसे ते दाखव मला."