बटईची घोडी

मी लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर जे काही कागदावर उतरलं ते सरकारी अर्जांवर, आणि तेही दुसऱ्याच्या हातून. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच, पण तेवढ्यानं लिहिण्याचा हक्क मिळतो असं मला वाटत नाही. त्यात विषय मोबाईलमधल्या खेळातल्या एका घोडीचा. कोणी हसून पान उलटलं तरी मला वाईट वाटणार नाही. माझ्या बहिणीला मात्र या घोडीनं पुष्कळ रडवलं आहे, आणि तिला काय सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही.

आमचं गाव केनवडच्या अलीकडे. मी वाशिमला होस्टेलवर राहतो, जमेल त्या शनिवारी एसटीनं घरी येतो. बहीण आठवीत आहे. ती आणि आमच्याच गल्लीतली तिची मैत्रीण, दोघी घरच्यांच्या मोबाईलवर एक खेळ खेळायच्या. त्यात जनावरं पाळायची, त्यांना रोज चारा-पाणी द्यायचं आणि मनात आलं तर बाजारात नेऊन दुसऱ्याच्या जनावराशी बदलायची. समोरचा त्याचं जनावर मांडतो, आपण आपलं मांडायचं, दोघांनी हिरव्या खुणेवर बोट ठेवलं की सौदा पक्का. नंतर तो मोडता येत नाही.

मैत्रिणीकडे एक काळी घोडी होती, एक पाय पांढरा असलेली. खेळवाल्यांनी ती एकदाच, एका सणाच्या दिवसांत वाटली आणि परत कधीच दिली नाही. पोरीनं तिला शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. बाप कामावरून आला की त्याच्या खिशातून मोबाईल काढून ती आमच्या ओट्यावर येऊन बसायची. आधी घोडीचा चारा, मग गप्पा.

दिवाळी झाल्यावर तिचे आईबाप पुण्याकडे वीटभट्टीवर निघाले. धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही म्हणून या वेळी तिलाही नेलं. तिकडे मोबाईल बापाकडे राहणार, तोही फक्त फोन करण्यापुरता; खेळासाठी इंटरनेटचं रिचार्ज मारणार नाही असं त्यानं आधीच बजावलं होतं. आणि त्या खेळात चारा मिळाला नाही तर जनावर खंगत जातं. तेव्हा दोघींनी जे केलं ते आमच्याकडच्याच पोरींना सुचावं. मैत्रिणीनं घोडी बहिणीला बटईनं दिली.

आमच्याकडे शेळ्या बटईनं देतात. शेळी मालकाची, सांभाळ दुसऱ्याचा, आणि पिल्लं झाली की अर्धी-अर्धी. आमच्या दारातली शेळीही तशीच आलेली आहे. तिच्यासाठी आई बांधाबांधानं हिंडून पाला आणते, पण तिला कधी ‘माझी’ म्हणत नाही. दोघी पोरींनी हेच पाहिलेलं. बहिणीनं चारा घालायचा, शिंगरू झालं तर एक हिचं, एक तिचं, आणि मैत्रीण परत आली की घोडी तिच्याकडे.

पण खेळाला बटई कळत नाही. तिथं फक्त अदलाबदल होते. रिकाम्या हातानं सौदा होईना, म्हणून बहिणीनं एक कोंबडी मांडली, मैत्रिणीनं घोडी, आणि ओट्यावर शेजारी शेजारी बसून दोघींनी हिरवी खूण दाबली. त्या क्षणापासून खेळाच्या हिशेबी घोडी बहिणीची झाली.

मी नंतर एका शनिवारी घरी गेलो तर बहीण मोबाईल घेऊन दारातच उभी.

“दादा, पाह्य! एकाचे तीन केले म्या!”

पडद्यावर सोनेरी पंखांचे तीन घोडे उभे होते. दिसायला झगमगीत. बाजारात कोणीतरी हिंदीत बोलणारा खेळाडू भेटला, त्यानं काळ्या घोडीच्या बदल्यात हे तीन दिले. हे लय दुर्मीळ आहेत, लवकरच बंद होणार आहेत, असं त्यानं तिला सांगितलं. दोन मैत्रिणीला द्यायचे, एक आपण ठेवायचा, असा तिचा बेत होता.

होस्टेलवरची पोरं असले खेळ खेळतात, त्यामुळे मला थोडीफार माहिती होती. पंखवाले घोडे कोणत्याही दिवशी, कोणालाही मिळतात. काळ्या घोडीसाठी मात्र लोक महिनोन्महिने वाट पाहतात. मी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा हळूहळू उतरला. आधी तिला खरंच वाटेना. मग ती एकच बोलली, “तो त मले ‘दीदी, दीदी’ करत होता.”

बाबा खाटेवरून हसले. “फोनातली घोडी! तिले चारा टाकाले कोन जाते बाप्पा?”

आईही हसत होती. पण बहिणीच्या तोंडून ‘बटई’ शब्द निघाला आणि ती थांबली. “बटईची होती? मंग तिले न इचारता कशी देल्ली?”

“फायदा होऊन राह्यला म्हून देल्ली.”

“फायदा होवो का नुकसान. इचारलं का तिले?”

बहीण रडायला लागली. मला तेव्हा आईचा राग आला. फसवलं त्या माणसानं, आणि बोलणी हिला. आता मला तितकं सोपं वाटत नाही. घोडीचं मोल त्याला ठाऊक होतं, हिला नव्हतं. घोडी दुसरीची आहे हे हिला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. कोणाचं चुकलं हे मी पुष्कळदा मनात मांडून पाहिलं, आणि दर वेळी थोडं वेगळंच उत्तर आलं.

मी त्या खेळाडूला संदेश पाठवला. घोडी बटईची आहे, खरी मालकीण दुसरी पोरगी आहे, परत कर, तुझे तिन्ही घोडे घे. जरा कडक भाषेत लिहिलं होतं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. उत्तर आलं, “भैया, ये बटई क्या होता है?” मी समजावलं. मग त्यानं लिहिलं, “वो तो मैंने आगे किसी और को दे दी. मेरे साथ भी पहले ऐसा ही हुआ था, तभी तो सीखा.” त्याच्या लिहिण्यात गुर्मी नव्हती. कदाचित तोही एखाद्या गावातला शाळकरी पोरगा असेल. यानंतर त्याच्यावर धड रागावताही येईना. मी पुन्हा दोनदा लिहिलं, पण उत्तर आलं नाही.

होस्टेलवर माझ्या खोलीत कामरगावचा एक मित्र राहतो. असल्या बाजारात तो तरबेज आहे. त्याला सगळं सांगितलं.

“कोनी हात धरून बटन दाबाले लावलं का तिले?” त्यानं विचारलं.

“नाई.”

“मंग झालं. तू कायले वकील बनून राह्यला?”

“त्याले भाव माईत होता बे. हिले नव्हता.”

“मंग इचारा लागत होतं. बाजारात डोये झाकून जाते का कोनी?” असं म्हणाला खरा, पण माझा चेहरा पाहून त्यानं मोबाईल काढला. माणूस मनाचा वाईट नाही. मेस बंद असली की स्वतःच्या डब्यातली भाकर मला देतो. थोड्या वेळानं म्हणाला, “भेटली. हुबेहूब तशीच. एका लहान पोरीजवळ हाये, लिहिन्यावरूनच समजते. तुह्या बहिणीचे पंखवाले दे मले. आजच्या आज आनून देतो.”

“तिले भाव सांगशीन का?”

तो हसला. “सांगतलं त देईन का ती?”

हो म्हणावंसं वाटत होतं, हे लपवत नाही. बहिणीला फोन लावला. मैत्रीण यायच्या आत घोडी जागेवर हवी, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मैत्रीण तिच्याशी बोलायची थांबेल या भीतीनं ती नीट जेवतही नव्हती.

“मंग घे ना दादा,” ती म्हणाली. “एकडाव फक्त.”

“अन् त्या पोरीचं काय?”

“तिले मी कुठं वयखते?”

“तो हिंदीवाला तरी तुले कुठं वयखत होता?”

तिकडून फोन कट झाला. मी मित्राला नको म्हणालो. “मर मंग,” म्हणून त्यानं पांघरूण ओढलं. दुसऱ्या दिवशी तो विसरूनही गेला. बहीण विसरली नाही. त्यानंतर मी घरी गेलो की ती पाणी आणून देते, विचारलेल्याचं उत्तर देते, आणि आत जाते. नाही म्हणालो हे बरोबरच केलं असं मला वाटतं. पण त्याची किंमत मी मोजली नाही, तिनं मोजली. कॉलेजात शिकणाऱ्या भावाकडून तिला वेगळी अपेक्षा असणार.

‘फोन करून सांगून टाक,’ असं मी तिला दोनदा म्हणालो. ती म्हणाली, समोरासमोर सांगीन, आल्यावर. पोळा जवळ आला तरी मैत्रीण आली नव्हती. भट्ट्या बंद झाल्या, बाकीची माणसं परतली. मैत्रिणीच्या घराला कुलूपच होतं.

काल आईचा फोन आला. मैत्रिणीचा बाप एकटाच आला होता, शाळेतून पोरीचा दाखला काढायला. तिकडेच एका कंपनीत हमालीचं काम लागलं, आता इकडे येणं नाही. पोरीचं नाव तिकडच्या शाळेत टाकतो म्हणाला. “टाकते का नाई, कोनाले माईत,” आई म्हणाली. पोरगी आता चार घरी भांडी घासायला जाते.

तो आमच्याकडे चहाला बसला होता. उठता उठता बहिणीला म्हणाला, “पोट्टी कामावून आली का रोज इचारते, घोडी खाऊन राह्यली का म्हून. मले त काई समजत नाई बाई. काय सांगू तिले?”

“मंग?” मी आईला विचारलं.

“तुही बहीन म्हने, ‘खाते म्हना काका. चांगली हाये.’”

मग आई म्हणाली, “मीबी काई बोलली नाई रे.”