सासऱ्यांच्या वहीतली तेवीस चांदणी

माझ्या सासऱ्यांच्या भाषणातील तेवीस शब्दांचे अर्थ मी एकटीने, कोणाचीही मदत न घेता, बिघडवले.

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, केजच्या तहसिलीतून निवृत्त झालेले कारकून. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, बौद्ध विहारात रोज ग्रंथवाचन चाले. रविवारी दुःखावरच्या एका इंग्रजी प्रकरणाचा अर्थ मामांनी सांगायचा होता. आयुष्यातले पहिले भाषण! जुन्या शब्दकोशातली मुंगीच्या पावलांएवढी अक्षरे त्यांना दिसेनात, म्हणून मी संगणकावर आडवाट, म्हणजे शॉर्टकट, करून दिली: ब्राउझरच्या वरच्या पट्टीत 'डी' टंकायचे, जागा सोडायची, शब्द लिहायचा, की अर्थ हजर. (हे मी यूट्यूबवर शिकले होते. अर्धेच!)

आठवडाभर मामा खिडकीपाशी बसून टंकत होते. एकेका कळेवर बोट असे ठेवीत, जणू झोपलेल्या बाळाच्या कपाळावर. वहीला शाईचा ओलसर वास येई.

रविवारी दुपारी ते म्हणाले, "इंग्रज लई रसिक माणसं हायेत, पोरी! एका चांदण्याला तेवीस शब्द!"

मी वही ओढली. क्रेव्हिंग: चांदणे. अँग्विश: चांदणे. डिके: चांदणे! तृष्णा, यातना, ऱ्हास, सगळ्यांचे चांदणेच!

आडवाट बांधताना मी 'मूनलाइट' शब्द घालून पाहिला होता आणि शब्दाची जागा मोकळी ठेवायच्या ऐवजी तोच तिथे कायमचा ठेवून दिला होता!

"मामा, आठवडाभर विचारलं का नाही?"

"तू कविता करतीस. म्हणलं, तुज्या कंप्युटरला समदं तसंच दिसत असंल." ते खाली पाहून पुटपुटले, "अन् तुला वाईट वाटलं असतं."

"मला तवाच वाटलं," आत्याबाई, माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून कडाडल्या, "दुःखाचं पुस्तक वाचून ह्यो माणूस हसतोय का म्हून!"

दुरुस्तीला अर्धे मिनिट लागले. पण तेवढ्यात विहारातून बोलावणे आले. मामांनी वही मिटली, पांढऱ्या सदऱ्याची गुंडी लावली आणि रिकाम्या हातांनी निघाले. मी अपराध्यासारखी मागे.

माईकपुढे ते उभे राहिले. मेणबत्त्यांचा वास दाटला होता. मग म्हणाले, "सुनेच्या कंप्युटरनं समद्या शब्दांला चांदणंच सांगितलं, तवा क्रेव्हिंगचा अर्थ मला घावला न्हाई. पण बदलीच्या कागदाची वाट बघताना मला रोज जे व्हायचं, घास गिळंना, लेकरं दिसंनात... ते हेच असावं."

मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. माझाही पदर जागेवर नव्हताच.

घरी येताना मी चाचरत म्हटले, "मामा, आता नीट केलंय."

"ऱ्हाऊ दे. अर्थ आयता मिळाला असता, तर म्या इचार केला असता का?"

माझ्या कवितासंग्रहाबद्दल या गावात आजवर कोणी अवाक्षर काढलेले नाही. सोमवारी सकाळी मात्र विहारातले दोघे दारात उभे होते, मोबाइल पुढे करून: "वहिनी, मामांचं बिघडवलं, तसंच आमचंबी बिघडवून द्या!"