बिनवासाचं घर

माझ्या आत्याकडे गेलं की आधी वास भेटायचा आणि मग आत्या. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर फिनेल नाकात शिरायचं, दाराशी ब्लीच, आणि मोरीत तर डोळ्यांतून पाणीच. आत्या एका मोठ्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं सफाईवर होती. झाडूला लागली आणि चार वॉर्डांची मुकादम होऊन निवृत्त झाली. तिथे तिला सगळे ‘चकाचक’ म्हणायचे. पांढरं फडकं बोटाला गुंडाळून ती कॉटखाली फिरवायची, आणि फडक्यावर करडी रेघ उमटली की पुसणारीची धडगत नसायची. घरीही तोच खाक्या. आम्ही भाचरं पाय पुसून आत जायचो आणि आत गेल्यावर पुन्हा पुसायचो.

हे सगळं ठकी येईपर्यंत निभावलं. ठकी म्हणजे आत्याची नात, माझ्या आतेबहिणीची, म्हणजे ताईची मुलगी. वय सहा, पुढचे दोन दात गायब, बडबड अखंड आणि छातीत दमा. एका सुट्टीत ती आठ दिवस राहायला यायची होती. आत्याने तिच्यासाठी सगळं घर दोनदा ब्लीचने धुतलं. ठकी आली, आजीला मिठी मारली, आणि पाच मिनिटांत तिच्या श्वासातून शिट्टी वाजायला लागली. पंप ओढायला दिला, खिडक्या उघडल्या, शेवटी ताई तिला उचलून खाली रस्त्यावर घेऊन गेली. न उघडलेली बॅग मी मागून नेऊन दिली. ताई तेव्हा मला म्हणाली, “आईचं घर आरशासारखं आहे गं, पण माझ्या पोरीला ते सोसत नाही.” हे वाक्य मी वर जाऊन आत्याला सांगितलं नाही. तिने ते खिडकीतून ऐकलं होतं.

वर्ष गेलं. मग एक दिवस ताईचा फोन आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उग्र वासाचं काही वापरू नका. घरात कोणी आजारी नसेल तर साबण, गरम पाणी आणि कोरडं फडकं पुष्कळ झालं. “आई, ते सगळं बंद केलंस तर सुट्टीत आणून बघते,” ताई म्हणाली. “एक तास थांबेन. दम लागला नाही तर आठ दिवस ठेवते. लागला तर परत नेते, आणि मग पुन्हा आणणार नाही. मला ते बघवत नाही.”

हातात तीन आठवडे होते. आत्याने फोन ठेवला आणि मला हाक मारली. मी शेजारच्या इमारतीत राहते, चष्म्याच्या दुकानात काम करते, आणि माझा स्वभाव जरा तिखट आहे. तरी आत्याने “बाई, बादली उचल” म्हटलं की मी उचलते.

पहिल्या दिवशी अकरा बाटल्या घराबाहेर गेल्या. मी त्या मोरीत ओतायला निघाले तर आत्या केवढ्याने ओरडली! “वेडी आहेस का? ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की विषारी धूर होतो. आमच्यातली एक महिनाभर खोकत होती.” मग झाकणं घट्ट लावून सगळ्या बाटल्या तिने इमारतीच्या सफाईवाल्याच्या ताब्यात दिल्या आणि त्यालाही अर्धा तास शिकवलं. तो तीस वर्षं हेच काम करत होता, पण ऐकून घेतलं बिचाऱ्याने.

दुसऱ्या दिवशी दुकानात. फडताळावर हिरव्या बाटल्यांची रांग होती, प्रत्येकीवर पान, फूल, नाहीतर दवाचा थेंब. “नैसर्गिक” म्हणून आत्याने एक टोपलीत टाकलीच होती. मी पर्समधलं भिंग काढलं. पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत सामान लिहिलं होतं, आणि त्यात मधोमध ‘सुगंध’. कसला, कशाचा, काही पत्ता नाही. दुसरी बाटली घेतली, तेच. तिसरी, तेच. आत्याचा पारा चढला. “पान काढलंय हे एवढं मोठं, आणि पोटात काय आहे ते भिंगातून वाचायचं?” दुकानदार लांबूनच हसत होता. शेवटी आम्ही बाहेर पडलो ते बिनवासाची साबणाची वडी, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, व्हिनेगर आणि लिंबूसत्त्व घेऊन. पिशवी इतकी साधी दिसत होती की आत्याला लाज वाटली.

“हे चालतं की नाही, ते मी ठरवणार,” ती म्हणाली. “कुणी सांगितलं म्हणून नाही.”

आणि तिथेच घोडं अडलं. तपासायचं तर घाण हवी, आणि आत्याच्या घरात घाण आणायची कुठून? मी खो-खो हसत सुटले. आत्या मात्र गंभीर. चार दिवस तिने झाकण न ठेवता कांदा परतला आणि शेगडीमागची भिंत पुसली नाही. बाथरूमच्या टाइल्सना हात लावला नाही. तिच्या जिवाची काय तगमग झाली म्हणून सांगू! शेजारीण आली तेव्हा तिने भिंतीपुढे वर्तमानपत्र धरून ठेवलं आणि तसंच धरून पंधरा मिनिटं गप्पा मारल्या.

पाचव्या दिवशी पेन्सिलीने भिंतीवर चौकोन पडले. एक ते आठ. प्रत्येकात वेगळं द्रव्य, प्रत्येकाला मोजून पाच मिनिटं, मग पांढरं फडकं बोटाला गुंडाळायचं आणि पुसायचं. मी भिंग लावून बघायची. काय मजा आली! धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून लावला तर तेलकट थर असा निघाला की मी ओरडलेच. (हातमोजे घालून हं, कातडी सोलवटते, आत्याने माझ्या हातावर चापट मारून ते शिकवलं.) नळावरचे पांढरे डाग लिंबूसत्त्वाच्या पाण्याने दहा मिनिटांत गेले, आणि त्याला वासही नाही. करपलेल्या पातेल्याला खाण्याच्या सोड्याचा लगदा. फरशीला किसलेला साबण कोमट पाण्यात, चिमूटभरच. आणि काचांना? काचांना माझ्या दुकानातलं चष्मा पुसायचं मऊ फडकं आणि नुसतं पाणी. नुसतं पाणी! एकतीस वर्षं काचा पुसलेली बाई तोंडात बोट घालून बघत राहिली.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. चौथ्या चौकोनात आत्याने सोड्यावर व्हिनेगर ओतलं. फस्सकन फेस वर आला आणि आत्या टाळ्या पिटायला लागली. “बघ, कसं तुटून पडलंय! हेच खरं औषध.” फेस खाली बसला, फडकं फिरवलं, भिंग लावलं. चौथा चौकोन सगळ्यांत घाण. आत्याला पटेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. एकटा सोडा काम करत होता, एकटं व्हिनेगर करत होतं, दोघं एकत्र आले की एकमेकांची ताकद संपवत होते आणि भिंतीसाठी उरत होतं खारट पाणी. “नुसताच आवाज,” आत्या खट्टू होऊन म्हणाली. “आमच्या जुन्या साहेबांसारखं.”

व्हिनेगरने आणखी एक घोळ घातला. मोरीच्या संगमरवरी उंबऱ्यावर थोडं सांडलं आणि तिथली चकाकी गेली ती गेलीच. आत्या दोन दिवस त्या डागाकडे बघून उसासे टाकत होती. मग तिने भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं, ‘दगडाला आंबट नाही’. ते अजून आहे.

गाद्यांना दिवसभर ऊन दाखवलं. पडदे-चादरी कढत पाण्यातून काढल्या. आत्याचे स्वतःचे कपडेसुद्धा तीनदा धुतले, कारण फिनेल त्यांच्या धाग्याधाग्यात होतं. दोन आठवडे संपले तेव्हा घर लखलखत होतं आणि मी खुशीत होते. आत्या नव्हती. ती या खोलीतून त्या खोलीत नाक पुढे करून फिरायची. “स्वच्छ झालंय गं,” ती म्हणायची, “पण कळत नाही.”

“फडकं फिरव, कळेल.”

“फडक्याला कळतं. नाकाला कळत नाही.” मग तिने मला वॉर्डातली गोष्ट सांगितली. मोठ्या साहेबांची फेरी यायच्या आधी पाच मिनिटं प्रत्येक दारात झाकणभर फिनेल शिंपडायचं. साहेब कॉटखाली वाकून कधी बघत नसत. दारातून आत येताना श्वास घ्यायचे, मान हलवायचे आणि पुढे जायचे. आदल्या चार तासांची मेहनत जिथल्या तिथे, पास व्हायचं ते त्या झाकणावर. “थोडं निलगिरीचं तेल टाकूया का पाण्यात?” तिने हळूच विचारलं. “झाडाचंच आहे. नैसर्गिकच आहे.”

“झाडाचं असलं म्हणून काय झालं? तिच्या छातीला झाड कळतं का?” मी फाडकन बोलले. आत्या फडकं पिळायला लागली. बाटली तिने आधीच आणून कपाटात ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं.

आला तो दिवस! सकाळपासून आत्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. मी खिडकीत उभी. अकरा वाजता कोपऱ्यावर ताईची गाडी दिसली आणि मी ओरडले, “आल्या, आल्या!”

मागे वळले आणि थिजलेच. आत्या दारात वाकली होती. एका हातात पाण्याचा मग, आणि दुसरा हात उंबऱ्यावर पाणी शिंपडत होता, सफाईदार, डावीकडून उजवीकडे. खोलीभर निलगिरीचा भपकारा.

“आत्या! हे काय केलंस?”

तिने हाताकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा हात असावा असं पाहिलं. “फेरी आली ना,” ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा पार उतरला. मला राग आला होता आणि तितकंच वाईटही वाटलं. तीन आठवड्यांच्या कष्टांवर झाकणभर पाणी.

“दहा मिनिटं दे मला,” आत्या म्हणाली. ती गुडघ्यांवर बसलीच होती.

मी धडाधड जिना उतरले. ठकी बॅगेवर बसून पाय हलवत होती. आता हिला अडवायचं कसं? जिन्याखाली विजेच्या मीटरांची रांग होती. “थांब,” मी म्हणाले, “आधी डोळे तपासायचे. मी चष्म्यावाली आहे, तपासल्याशिवाय वर सोडत नाही. इथे उभी राहा आणि त्या टोकाच्या मीटरवरचे आकडे वाच.” ठकीने छाती पुढे काढून वाचले. मग दुसऱ्याचे. मग एक डोळा झाकून. मग दुसरा. अठरा मीटर होते, देवाची कृपा. सातव्या मीटरला ताईने मला बाजूला घेतलं. “वर काय झालंय?”

मला खोटं फार वेळ जमत नाही. सगळं सांगितलं. चौकोन, भिंग, कांदा, आणि शेवटचं झाकणसुद्धा. ताई गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिली. मला वाटलं, संपलं.

“आता काय करतेय?”

“गुडघ्यांवर बसून पुसतेय. तिचे गुडघे दुखतात, तरी.”

ताईने वर पाहिलं. “सगळे मीटर वाचून होऊ दे,” ती म्हणाली.

आम्ही वर गेलो तेव्हा दार सताड उघडं, खिडक्या उघड्या, पंखा गरगरतोय. उंबरा साबणाच्या पाण्याने तीनदा पुसून कोरडा केलेला, फडकं आणि तो पाण्याचा मग दोन्ही गच्चीवर हद्दपार. आत्या कपडे बदलून, हात कोपरापर्यंत धुऊन, पार त्या टोकाच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. हात मागे. ठकीने आत पाऊल टाकलं. नाक वर केलं. आम्ही तिघीही श्वास धरून उभ्या.

“आजी,” ती म्हणाली, “वास कुठं गेला?”

“काढून टाकला,” आत्या म्हणाली.

ताई घड्याळ समोर ठेवून बसली. दहा मिनिटं. वीस. ठकी फरशीवर पालथी पडून चित्र काढू लागली. पस्तिसाव्या मिनिटाला ती खोकली. ताई ताडकन उठली, मी पंप घेऊन धावले, आत्याने भिंतीला टेकून डोळेच मिटून घेतले. “बिस्किट,” ठकी म्हणाली, “घशात गेलं,” आणि उरलेलं तोंडात टाकून पुन्हा रंगवायला लागली. आम्ही मग रडत होतो की हसत होतो, कोण जाणे. चाळिसाव्या मिनिटाला ठकी उठून आत्याकडे गेली, मागे लपवलेला हात ओढून पुढे घेतला, तिला खाली बसवलं आणि त्या हातावर डोकं टेकून आडवी झाली. आत्या हलली नाही. पाय आखडला तरी हलली नाही.

तास झाला. ताईने पोरीच्या पाठीला कान लावला, बराच वेळ ऐकलं. मग बॅगेची चेन उघडली, आतून ठकीचा पिवळा दात घासायचा ब्रश काढला आणि बाथरूममध्ये गेली. पेल्यात ब्रश टाकल्याचा टणकन आवाज आला.

ताई निघून गेली, दुपार झाली, ठकी आत झोपली. मी हात पुसत निघाले तर आत्याने मला बाही धरून थांबवलं.

“बाई, जरा बाथरूममध्ये जाऊन बघ ना,” ती कुजबुजली. “ब्रश आहे ना गं अजून?”