घशातला क आणि दातांमागचा स

डॉक्टरांनी टाळू शिवली आणि बाकीचं सगळं माझ्या गळ्यात घातलं, याचा राग मला आजही येतो.

माझी मोठी मुलगी फाटकी टाळू घेऊनच जन्मली. ओठ धड होता, त्यामुळे बाहेरून काही कळायचं नाही. तोंड उघडलं की मात्र वरच्या बाजूला थेट नाकापर्यंत फट. दूध पाजलं की नाकातून यायचं. बोलायला लागली तेव्हा प आणि ब दोन्हीचा म व्हायचा, आणि स म्हणायला गेली की नाकातून फुर्र करून वारा निघायचा. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या सुमाराला आम्ही तिला कळंबहून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आमचे मालक, म्हणजे पोरीचे वडील, तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. सुट्टी मिळेना, म्हणून मी आणि नणंद, दोघीच गेलो.

टाके निघाले त्या दिवशी डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. म्हणाले, बाई, बोलणं म्हणजे वाऱ्याचा खेळ. प, त, क म्हणताना वारा पुरता अडवायचा आणि एकदम सोडायचा. स, श म्हणताना पुरता अडवायचा नाही, बारीक फट ठेवायची आणि त्या फटीतून घासत बाहेर काढायचा. छपरालाच भोक असलं तर वारा दातांपर्यंत पोचतच नाही, वर नाकात पळतो. आता छप्पर शिवलं. पण पोरीला सवय जुनीच आहे, ती तुम्ही मोडा.

"मी? कशी?"

"फुंकायला लावा," एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. झालं! वर्षानुवर्षं पुस्तकं वाचलेला माणूस, आणि मला सांगतो काय, तर फुंकायला लावा.

बरं, फुंकायला लावलं. आमच्याकडे कापसाला काय तोटा! ओसरीवर कापसाचा पुंजका ठेवायचा आणि पोरीने पालथं पडून तो उंबऱ्यापर्यंत फुंकत न्यायचा. आधी पुंजका जागचा हलेना, नाकाखालची धूळ तेवढी उडायची. मग मी नाक दाबून धरलं. नाक दाबलं की पुंजका धावायचा, सोडलं की थांबायचा. चुलीपाशी फुंकणी दिली, तर गाल फुगवून डोळे लाल करून घेतले पण निखारा काही पेटला नाही. मी ओरडायची, ती रडायची, आणि रडताना तर सगळा वारा नाकातूनच. माझ्या नाकी नऊ आले.

त्यात नणंद. पोपटाने टोचलेला पेरू आण, जिभेला वेखंड लाव, चिंतामणीला नवस बोल. नवस मी कधीच बोलले होते, तिला न विचारता. पण पेरूसाठी झाडाखाली बसून पोपटाची वाट पाहणार कोण? "वन्सं," मी म्हटलं, "जीभ चांगली हाय तिची. बिघडलं ते छप्पर. छपराले वेखंड कसं लावू?" तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेवढीच शांतता मिळाली.

आणि घाई का होती, तेही सांगते. पोरगी शाळेत जायची, पण शाळेत तोंड उघडायची नाही. पोरं तिच्यासारखं नाकातून बोलून दाखवायची. गुरुजी वाईट नव्हते, पण कंटाळलेले होते. एक दिवस मला बोलावून म्हणाले, "लिहिते चांगली. पण उन्हाळ्यात तोंडी परीक्षा असते. आवाजच नाही निघाला तर मी पुढे कसा ढकलू? त्यापेक्षा घरी ठेवा, घरकाम शिकवा." हे ऐकून मालकांनीही मान डोलावली. घरात तान्हा मुलगा होता, त्याला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत त्या पोरीच्या तोंडातून आवाज आला नाही तर तिची शाळा कायमची संपणार होती. हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं.

तर अशा वेळी शेजारच्या आपांनी काय करावं!

आपा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाई. दुपारी आपल्या ओसरीवर मोहल्ल्यातल्या मुलींना अरबी अक्षरं शिकवायच्या. आणि शिकवणं कसं? कुठलं अक्षर तोंडात कुठून निघतं ते बोट लावून दाखवायच्या. हे घशाच्या तळातून, हे घशाच्या मधून, हे जिभेच्या मुळातून, हे दातांच्या टोकाशी. मुली बिचाऱ्या आमच्याच वऱ्हाडातल्या. त्यांना सगळं यायचं, पण क़ाफ, म्हणजे अरबीतला घशातला क, म्हटला की ख व्हायचा. पडजिभेला जिभेचं मूळ टेकवून वारा अडवायचा आणि सोडायचा, असं आपा हजारदा सांगायच्या. मुली हजारदा ख म्हणायच्या. आपा कपाळावर हात मारून घ्यायच्या. भिंतीपलीकडून मला ते रोज ऐकू यायचं आणि खरं सांगते, बरं वाटायचं. म्हटलं, चला, जगात डोकं फिरलेली मी एकटी नाही.

एक दिवस माझी पोरगी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. मुली ख, ख करत होत्या. हीही सहज त्यांच्यासोबत म्हणायला गेली, आणि असा खणखणीत क़ाफ काढला की आपांच्या हातातला सुपारीचा अडकित्ता थांबला.

"भाभी! ओ भाभी! जल्दी इदर आव!" त्या ओरडल्या. मला वाटलं पोरगी पडली. पिठाच्या हातांनी धावत गेले. तर आपा तिला मांडीजवळ घेऊन बसलेल्या. "सुनो, सुनो. बोल बेटा, फिरसे बोल." पोरगी बोलली. "माशाल्ला! असा क़ाफ तर माझ्या उस्तादनीचा बी नव्हता!"

आता यातली गंमत मला तिथल्या तिथे कळली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणापासून छपराला भोक, म्हणून पोरीने आपली आपण युक्ती शोधली होती. भोकाच्या मागे, पार खाली, जिथे वारा पळायच्या आधी धरता येतो, तिथे ती जमतील ती अक्षरं नेऊन करायची. क तर क, पण त आणि ट सुद्धा घशातच. तीच तर खोड मी मोडून राहिले होते! कापूस फुंकफुंकून मी एकेक अक्षर दातांकडे ओढत आणते, आणि या बाई मुलींसमोर तिचं कौतुक करून सगळं परत पडजिभेपाशी ढकलतात.

बरं, कौतुकही नुसतं नाही. रोज दुपारी बोलावून घ्यायच्या, सगळ्या मुलींसमोर उभी करायच्या, "देखो, इसको देखो," म्हणायच्या आणि वर बत्तासा द्यायच्या. त्या पोरीला जन्मात कुणी "बोल" म्हटलं नव्हतं. सगळे "थांब, समजत नाही" म्हणायचे. आता बोल म्हणून बत्तासा मिळतो म्हटल्यावर ती कशाला माझा कापूस फुंकते! घरी आली की पाण्याला क़, भाकरीला क़, मलाही क़.

आठवडाभर दम धरला. मग भिंतीवरून डोकं काढून म्हटलं, "आपा, तुमच्या पाया पडते, माह्या पोरीले घशात नका ढकलू. मी तिले बाहेर काढून राह्यले अन् तुम्ही आत कोंबून राह्यल्या!"

"मी काय कोंबलं, भाभी? अल्लानं दिलंय ते."

"तुमच्या क़ाफनं तिले शाळेतून काढतीन! तोंडी परीक्षा हाय. गुरुजी काय अरबी विचारणार हाय का?"

आपांचा चेहरा उतरला. शाळेचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कधी सांगितलं? भांडायच्या भरात पहिल्यांदाच बोलले. त्या म्हणाल्या, "तो ऐसा बोलना था ना पहले." आणि दुसऱ्या दिवसापासून बत्ताशाचा भाव बदलला. क़ाफला काही नाही, सीनला बत्तासा. सीन म्हणजे आपला स. आपा म्हणायच्या, हे शिट्टीचं अक्षर, जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेव, वरून वाऱ्याला बारीक वाट दे. पोरगी जीभ बरोबर ठेवायची, दात बरोबर ठेवायची, आणि वारा नाकातून काढायची. आपांनीही कपाळावर हात मारला. आता भिंतीच्या दोन्ही बाजूंनी कपाळावर हात पडायला लागले आणि बत्तासे तसेच डब्यात पडून मुंग्यांच्या पोटात गेले.

शेवटी पोरगी दोघींनाही कंटाळली. न बोलता कामं करायची, न बोलता तान्ह्याला घेऊन अंगणात बसायची. परीक्षा तोंडावर आली होती. माझा जीव टांगणीला, आणि ही दिवसभर मुकी.

एका दुपारी मी अंगणात गोणीभर सरकी वाळत घालून आत चहा टाकत होते. पोरगी पाय लांब करून बसलेली, पायांवर तान्हा. त्याला शू करवायची वेळ झाली होती. तुम्हाला माहीत आहेच, बायका पायांवर बाळ बसवून दातांतून शूऽऽ करतात आणि बाळ मोकळं होतं. त्याला त्या आवाजाचीच सवय. हे काम मीच करायची, कारण पोरीने केलं की नाकातून फुर्र व्हायचं आणि बाळ हसत सुटायचं. त्या दिवशी मी आतून हाक मारली, "थांब, मी येते." तेवढ्यात बाहेरून आवाज आला. लांब, बारीक, घासत निघालेला. शूऽऽऽ. आणि लगेच दुसरा आवाज.

मी बाहेर आले तर बाळाने माझ्या सगळ्या सरकीवर धार धरलेली.

"अवं माय! सरकी!" हे आधी निघालं तोंडातून. मग कळलं. बाळ फसत नाही हो. त्याला बत्तासा नको, परीक्षा नको. आवाज खरा लागला म्हणूनच ते मोकळं झालं. मी सरकी, चहा, सगळं टाकून पोरीसमोर बसकण मारली. "केलं न तू! पुन्हा कर! कर न! दाखव मले!" आपाही भिंतीवरून डोकावल्या, "बोल बेटा, बोल!" पोरीने आमच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि नाकातून फुर्र. मी तिला हलवलं. फुर्र. मी रडकुंडीला आले. आत्ता तर जमलं होतं! आम्ही दोघी पाठ फिरवून आत गेलो, की बाहेर पुन्हा शूऽऽ. आलो की फुर्र. अशी चीड आली की काय सांगू. शिकवायला जीव गेला माझा, आणि माझ्याच समोर जमत नाही!

परीक्षेच्या दिवशी मालक म्हणाले, तू जाऊ नको. मी गेले. तान्ह्याला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीच्या गजांपाशी उभी राहिले. एकेक मूल उठत होतं. तिचं नाव आलं तशी ती उभी राहिली. गुरुजींनी कागदावरून डोकं वर न करता विचारलं, "साताचा पाढा म्हण."

साताचा! अहो, बेचा विचारा, नऊचा विचारा. ज्या पाढ्यात दर ओळीला स, तोच बरा सुचला या माणसाला! पोरगी गप्प. गुरुजींनी शेरा लिहायला टाक उचलला. मागची पोरं नाक धरून खुसखुसायला लागली. पोरीचे ओठ हलले, आवाज नाही. माझं रक्त उसळलं. मी गजांतून तोंड घातलं आणि ओरडले, "जीभ खाली ठेव! दातांमागं! फुंक, पोरी, फुंक!"

अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. तान्हा दचकून रडायला लागला. पोरगीही वळली. पाहिलं तिने माझ्याकडे, चांगलं रोखून पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं.

"श्शऽऽ!"

इतका स्वच्छ, इतका धारदार, की तान्हासुद्धा रडायचा थांबला. खुसखुस थांबली. गुरुजींचा टाक तसाच हातात राहिला. आणि ती पुढे वळून म्हणाली, "सात एके सात." मग पुढचं. चौदाचा च जरा नाकात गेला, साताचा त आणि एकवीसचा क घशातूनच आले. घशातला क तिचा आजही तसाच आहे, आणि आपा शेवटपर्यंत त्यावर हक्क सांगायच्या. पण स एकही चुकला नाही, आणि गुरुजींनी तिला पुढच्या वर्गात ढकललं.

ओरडायला नको होतं, असं मालक म्हणाले, नणंद म्हणाली, गुरुजीही म्हणाले. मी नाही म्हणणार. पण त्या खिडकीत, पाढा संपेपर्यंत, मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. काढला असता, तर तिने पुन्हा गप्प केलं असतं मला.