निळं उतरवण्याचा दिवस

रिसोलातचं कपाट उघडलं की आतून भांडणाचा आवाज येईल असं वाटायचं. मोरपंखी मखमल, तिला खेटून जरीचा गुलाबी झगा, त्याच्या उरावर सोनेरी टिकल्यांचा जांभळा अंगरखा. एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं, आणि रिसोलातशी तर कुणाचंच नव्हतं.

ह्यात तिचा काय दोष? ताश्कंदच्या जुन्या शहरात बाई कापड घेत नाही. ते तिच्याकडे येतं. लग्नात येतं, पाळण्यात येतं, सुंतेत येतं, हज करून आलेल्यांच्या घरून येतं. नाही म्हणायची सोय नाही, आणि देणारी विसरत नाही.

"मी दिलेली मखमल दिसली नाही कधी अंगावर," मोठी नणंद कुम्री ओपा, म्हणजे कुम्री ताई, भर पंगतीत म्हणायची.

"शिवायला टाकलीय, ओपा."

"अजून? ती होजार झगा शिवतेय का तंबू?"

शेजारची शिंपीण होजार पलीकडेच पुलाव खात बसलेली असायची. ती मान वर न करता म्हणायची, "मापं तंबूचीच दिलीत तुम्ही."

मग मखमल अंगावर चढायची. आज कुणाकडे जायचंय ते ठरलं की काय घालायचं ते आपोआप ठरायचं. लग्न होऊन आल्यापासून रिसोलातनं आरशाला कधी काही विचारलं नव्हतं.

कामाला ती शहरातल्या एका दवाखान्यात होती, लोकांचे कोट सांभाळायच्या खिडकीत. कोट घ्यायचा, खुंटीला लावायचा, पितळी बिल्ला द्यायचा. दिवसभर लोकांचे कपडे हाताखालून गेले की नजर तयार होतेच. तिथे डोळ्यांची एक डॉक्टरीण होती. करडा कोट, करडी शाल, बूट त्याहून जरा गडद. ती दारातून शिरली की एक बाई शिरायची. रिसोलात शिरली की आधी मखमल शिरायची, मग जर, आणि सगळ्यांच्या मागून रिसोलात.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी तिचा नवरा तुर्गून चहाची वाटी हातात घेऊन बसल्या जागी गेला. बायका जमल्या. होजारनं आपल्या पेटीतला निळा झगा आणून रिसोलातच्या अंगात घातला, कारण ह्या बाजूला घरचं माणूस गेलं की बाई निळं घालते, वर्षभर. तो झगा काखेत तटतटायला लागला तेव्हा होजार म्हणाली, "दुसरं कापड आण, शिवून देते."

"कोण देईल?"

"कोण देणार? शोकाचं कापड कुणी कुणाला देत नसतं. स्वतः जाऊन घे."

रिसोलात बाजारात गेली. कापडवाल्यानं तिच्या अंगावरचं निळं पाहून आवाज खाली आणला.

"कोण गेलं, ताई?"

"नवरा."

"अल्ला त्यांना चांगली जागा देवो. कोणतं दाखवू?"

कोणतं. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिनं एक ठाण बोटांत चोळून पाहिलं, बाजूला सारलं, दुसरं दारातल्या उजेडात नेलं. दुपार तिथेच गेली. घरी आली ती धुरकट निळं सुती कापड घेऊन. पुढे थंडीसाठी लोकरीचं घेतलं, पावसाळी आभाळासारखं. त्यावर बिनबाह्यांची बंडी. शेवटी गडद निळ्या लोकरीचा कोट शिवला, अस्तर बंडीच्याच कापडाचं. कशावर काहीही घाला, जुळायचं. सकाळी कपाटापुढे उभं राहणं संपलं. हात जाईल ते अंगावर, आणि अंगावर जाईल ते आपलं.

एकदा दवाखान्याच्या आरशात तिनं स्वतःला बघितलं आणि ओळखायला क्षण लागला. तुर्गून म्हणाला असता, अगं, तू अशी दिसतेस होय. त्याच्या मरणानं हे दिलं, ह्याची तिला इतकी शरम वाटली की त्या दिवशी ती पुन्हा आरशासमोरून गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली.

वर्ष भरत आलं तशी कुम्री ओपा दारात उभी राहिली.

"गुरुवारी निळं उतरवायचं. मी सगळ्यांना सांगितलंय."

"ओपा, मी आणखी थोडे दिवस..."

"वेडी का काय? भाऊ माझा गेला. मी आवरलं आणि तू आवरणार नाहीस?"

"तसं नाही. मला ह्याची सवय झालीय."

"दुःखाची सवय लावून घेऊ नये, रिसोलात." कुम्री ओपाचे डोळे भरून आले. तिनं भावजयीला पोटाशी धरलं. दुःखाची नाही ओपा, कपड्यांची, हे त्या मिठीत कसं सांगायचं?

बुधवारी कामावर जाताना रिसोलात निळा कोट घालून गेली आणि परतली ती तुर्गूनचा जुना रुईचा अंगरखा पांघरून. कोट तिनं खिडकीतल्या शेवटच्या खुंटीला लावला, आणि स्वतःच स्वतःला बिल्ला दिला.

गुरुवारी बायका आल्या. दस्तरखान अंथरला, रोट्या मोडल्या, कुराण म्हटलं गेलं, सगळ्या रडल्या. मग कुम्री ओपानं तिच्या डोक्यावरचं निळं काढून पांढरा रुमाल घातला, आणि आतल्या खोलीत नेऊन निळा झगा उतरवून दुधाळ रंगाचा चढवला. बाहेर ठाणांवर ठाणं पडली. एकीनं नारिंगी दिलं, एकीनं चंदेरी. कुम्री ओपानं स्वतःच्या हातानं पोपटी जरीचं खांद्यावर टाकलं. "आता हसत राहा."

निळ्याचं गाठोडं बांधलं गेलं. प्रेतं धुणाऱ्या बाईला ते द्यायचं असतं. घरात ठेवत नाहीत. कुम्री ओपानं गाठोडं दाबून पाहिलं.

"कोट कुठंय?"

"दवाखान्यात राहिला."

"आण."

"ओपा, कोट आहे नुसता. थंडीला लागतो."

"निळा आहे. मेलेल्याचा रंग ठेवून घेतला की तो रंग न्यायला दुसरं माणूस शोधतो. मी नाही म्हणत, सगळं जग म्हणतं."

"घरात कुठंय तो? दवाखान्यात आहे."

"दवाखान्यात? तिथे तर त्याला शोधावंसुद्धा लागणार नाही."

होजारला हसू आलं, ते तिनं रोटीत कोंबलं. कुम्री ओपा हसली नाही. हळू आवाजात म्हणाली, "तुझा आझमत परमुलखात ट्रक चालवतो, रिसोलात."

बायका गेल्यावर तिनं मुलाला फोन लावला. सगळं ऐकून आझमत मोठ्यानं हसला.

"आई, घाल की खुशाल. आत्याचं काय ऐकतेस? कोटानं कुणी मरतं का?"

"तेच म्हणते मी."

"छान दिसत असशील तू."

त्याच्या मागे कुणाचा तरी भोंगा लांबलचक वाजला.

"बर्फ आहे का रे तिकडे?"

"आहे थोडा."

"रस्त्यावर?"

"आई, बर्फ रस्त्यावरच असतो. ठेव आता, निघायचंय."

तिनं फोन ठेवला. कोटानं कुणी मरत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण पणाला लावायला मुलगा एकच होता.

शुक्रवारी तिनं आपला बिल्ला आपल्याच हातात ठेवला, कोट काढला, घडी घातली आणि संध्याकाळी कुम्री ओपाच्या दारात नेऊन दिला. कुम्री ओपानं अस्तर उलटून बघितलं.

"शिलाई चांगली आहे," ती म्हणाली, आणि घेऊन आत गेली.

पोपटी जरीची बंडी होजारनं लगेच शिवून दिली. "अंधारात दिवा लावायला नको," एवढंच म्हणाली. सोमवारी रिसोलात ती घालून खिडकीत बसली. आत गुलाबी झगा, डोक्याला नारिंगी रुमाल. डोळ्यांची डॉक्टरीण बिल्ला घेताना जरा थबकली, मग सभ्यपणे हसली.

दुपारी एक तरुण बाई आली. निळा झगा, निळा कोट, डोळे सुजलेले. रिसोलातनं कोट घेतला, तसा हात सवयीनं कापडावर फिरला. चांगली लोकर होती. रंग जरा उजळ, पण ह्या पोरीच्या वर्णाला शोभणारा. शिवताना खांदा मात्र बिघडला होता.

"कोण गेलं, बाळा?"

"आई."

"अल्ला सबुरी देवो."

पोरीनं डोळे पुसले आणि खिडकीतल्या पोपटी-गुलाबी-नारिंगीकडे पाहिलं.

"तुमच्याकडे लग्न वाटतं," ती म्हणाली. "शुभ होवो."

"हो," रिसोलात म्हणाली, आणि तो कोट शेवटच्या खुंटीला लावला.