मावशी, हात धुऊन या

"मावशी, हात धुऊन या. हात घाण आहे, मशीन घेत नाही."

हे वाक्य मी बोलले. माझ्या आईला बोलले. मागं चाळीसेक माणसं रांगेत उभी होती, त्यांच्यादेखत बोलले.

आई म्हणाली, "व्हय मॅडम." आणि खाली मान घालून नळाकडं गेली.

माझी आई मला मॅडम म्हणाली. कारण मीच तिला बजावून ठेवलं होतं, गेटवर मला ओळख दाखवायची नाही.

नगरहून पुण्याकडं जाताना सुप्याच्या अलीकडं आमचं पार्क आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, भुताचं घर, सिमेंटचा धबधबा. बी.ए. झाल्यावर मला तिथं तिकिटाच्या गेटवर काम मिळालं. सुप्यात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. आई तिसगावला, एकटी. वडील मी सातवीत असतानाच गेले.

या उन्हाळ्याच्या तोंडावर गेटवर नवी यंत्रं बसली. त्याआधी आम्ही माणसांच्या मनगटाला कागदी पट्टा बांधायचो. लोक आमच्यापेक्षा हुशार. दुपारी बाहेर येऊन पट्टा अलगद सोडवायचे आणि दुसऱ्याच्या हातावर चिकटवायचे. म्हणून आता तिकीट यंत्रापुढं धरायचं, मग उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट काचेवर ठेवायचं. हिरवा दिवा लागला की वाट अडवणारा दांडा फिरतो. जेवायला बाहेर पडून परत आत यायचं तरी तेच बोट लागतं.

पहिले काही दिवस लोकांनी आमचं डोकं खाल्लं. श्रीगोंद्याकडचे एक आजोबा बोट मुठीत दडवून म्हणाले, "ह्याला आधार जोडलंय का? खात्यातलं काय जानार न्हाई ना?" एक नवी नवरी मेंदी भरलेलं बोट टेकवून हसत सुटली, दिवा काही हिरवा होईना. पोरं दहाच्या दहा बोटं टेकवून बघायची. आणि एक गॉगलवाले साहेब पुण्याहून आले होते, ते भडकलेच. "आम्ही काय चोर आहोत? माझा ठसा तुम्ही कुठे ठेवणार, किती दिवस ठेवणार, लेखी द्या."

खरं तर प्रश्न बरोबर होता. पण आमचे सुपरवायझर, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, ते धावत आले. "सॉरी सर, तुमच्यासाठी काही प्रॉब्लेम नाही." बाजूचं लहान फाटक उघडलं. माझ्या टेबलाखाली एक रजिस्टर असतं, त्यात साहेबांनी नाव लिहिलं, सही केली आणि आत गेले. बोटाशिवाय.

आम्हाला शिकवताना सरांनी दोन गोष्टी घोकून घेतल्या होत्या. बोट उमटलं नाही की आधी हात धुवायला पाठवायचं. आणि बोट काचेवर नीट बसत नसेल तर पेनाच्या मागच्या टोकानं सरकवायचं. "कस्टमरचा हात धरायचा नाही." मी मान डोलावली. पुढं हळूहळू दिसायला लागलं, की सर माणूस बघून हात धुवायला पाठवतात. मोटारीतून उतरलेल्यांना टिश्यू पेपर. जीप भरून आलेल्यांना नळ. दिसलं, आणि मीही तसंच करायला लागले.

माझ्या बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव होतं. मला ते फार सोयीचं वाटायचं. डबा खाताना मुली विचारायच्या, "तुमच्यात हळदीला काय काय असतं गं?" मी भाजीचं कौतुक करत विषय बदलायचे. चौदा एप्रिलला पोटात दुखतंय असं खोटं सांगून रजा घेतली आणि तिसगावला मिरवणुकीत नाचून आले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, आता बरं आहे का. मी म्हटलं, बरं आहे.

नोकरीला वर्ष झालं की घरच्या एका माणसासाठी पास मिळतो. आईला फोनवर सांगितलं तर तिनं लगेच दिवसच ठरवला. "मला त्या पान्यात न्हाई जायचं. तू कुटं बसती ते एकदा डोळ्यांनी बगायचंय." शेजारपाजारी तिनं सांगून ठेवलं होतं, माझ्या पोरीनं दिवा लावल्याबिगर तिथं कुनी आत जात न्हाई. मी म्हटलं, "ये. पण गेटवर मला हाक मारू नको. ड्यूटीवर घरच्यांशी बोलायला बंदी आहे."

असली कुठलीही बंदी नव्हती.

रविवारी अकराच्या सुमाराला ती रांगेत दिसली. दोन एसट्या बदलून आली होती. पौर्णिमेला विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी नेसली होती. ती साडी बघून मी आधी सर कुठं आहेत ते बघितलं. आई आल्याचा आनंद नाही झाला. कुणी ओळखेल ही भीती वाटली. मला याची लाज वाटते आणि ती वाटलीच पाहिजे.

तिची पाळी आली. पास यंत्रापुढं धरला आणि तिनं सवयीनं डावा अंगठा टेकवला. रेशनच्या दुकानात तोच लागतो.

"अंगठा नाही मावशी, उजवं बोट."

तिनं बोट ठेवलं. लाल दिवा. पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल. माझ्या आईनं तीस वर्षं गवंड्याच्या हाताखाली सिमेंट कालवलंय. सिमेंट बोटं खातं. तिच्या बोटांच्या टोकांवर आता रेघाच नाहीत, नुसती गुळगुळीत चकाकी आहे. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? सर मागं उभे होते. मी तिला हात धुवायला पाठवलं.

ती पदराला हात पुसत आली. लाल. मग तिनं ते बोट भांगातून फिरवलं, केसांवर दोन-तीनदा घासलं. आमच्याकडं रेशनच्या रांगेत सगळेच असं करतात. केसांचं तेल लागलं की झिजलेलं बोट कधी कधी उमटतं. दुकानदारच सांगतो, डोक्याला पूस आणि लाव.

मागून एक बाई म्हणाली, "अहो, तेल लावलं तिने मशीनला! आता आम्ही त्यावर बोट ठेवायचं? आधी पुसून घ्या ते." पर्समधून सॅनिटायझर काढून तिनं आपल्या मुलांच्या हातावर ओतलं. मुलांनी अजून कशाला हातही लावला नव्हता.

दिवा लालच होता. सर म्हणाले, "बोट नीट बसव त्यांचं." मी पेन उचललं. मागच्या टोकानं आईचं बोट काचेवर दाबलं.

आईनं पेनाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

मी पहिलीत जायच्या वेळची गोष्ट आहे. तिचा पदर धरून शाळेच्या ऑफिसात उभी होते. कारकुनानं शाईचा पॅड पुढं सारला, आईनं अंगठा ठेवला. तो नीट टेकला नाही, तेव्हा त्यानं पेन्सिलीनं तो वरून दाबला. हात लावला नाही. काम झाल्यावर ती पेन्सिल त्यानं परत डब्यात ठेवली नाही, केराच्या टोपलीत टाकली. मला ती पेन्सिल हवी होती, चांगली लांब होती. मी आईला म्हटलंसुद्धा, आपण घेऊ या का. आईनं मला ओढत बाहेर नेलं. त्याच आठवड्यात ती विहारातल्या बायकांच्या वर्गात जाऊन बसली. दिवसभर सिमेंटच्या पाट्या वाहायच्या आणि संध्याकाळी अक्षरं गिरवायची. माझ्या पहिलीच्या प्रगतीपुस्तकावर तिची सही आहे. वाकडी आहे, शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलंय. त्यानंतर तिनं कुठल्या कागदावर अंगठा दिला नाही. रेशनच्या यंत्रावर द्यावा लागतो, तर त्याचंही तिला वाईट वाटतं. घरी येऊन म्हणते, सही येती तरी अंगटाच मागत्यात मेले.

दिवा पाचव्यांदा लाल झाला. तेव्हा आई सरांकडं वळून म्हणाली, "सायब, मला सही येती. वहीत घ्या माजी सही."

सर हसले. "मावशी, ही काय बँक आहे का?"

रांगेतली माणसंही हसली.

रजिस्टर माझ्या टेबलाखाली होतं. माझ्या गुडघ्याला लागत होतं. त्या गॉगलवाल्या साहेबांची सही त्यात होती. मी हात खाली घातला असता तर माझ्या आईची सही तिच्याखाली आली असती. मी हात घातला नाही.

"यांना बाजूला घे, लाईन थांबलीय," सर म्हणाले.

"मावशी, बाजूला व्हा," मी म्हणाले.

मग सरांनी फवाऱ्याची बाटली पुढं केली आणि मी काच पुसली. आई दोन हात अंतरावर उभी राहून बघत होती.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेले. ती गाडीतळाशेजारी कठड्यावर बसली होती. ऊन साडीवर आलं होतं तरी सरकली नव्हती, कारण तिथून माझी जागा दिसत होती. फडक्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. मला वाटलं रडेल, बोलेल, शिव्या देईल. तिनं भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली.

"खुर्ची चांगली हाय तुजी. वर पंका बी हाय."

मी म्हटलं, सरांना सांगते, तुला बाजूच्या फाटकानं सोडतील.

"नगं. बगितलं म्या."

मी भाकरी हातातच धरून बसले. ती सावकाश जेवली. फडकं झटकलं, घडी केली. मग मान वर न करता म्हणाली, "हात धरायचास ना गं. पेनानं कशाला दाबलास?"

एवढंच बोलली. दोनच्या गाडीनं गेली. आणि मी गेटवर परत येऊन सहा वाजेपर्यंत दिवे लावत बसले.

पुढचे तीन दिवसही मी तेच केलं. हे लिहायलाच हवं, नाहीतर मी फार शूर वाटेन. खोलीवर आले की रडायचे, सकाळी बिल्ला लावायचे.

गुरुवारी पारनेरकडून कांदा काटणाऱ्या, म्हणजे विळ्यानं पात छाटणाऱ्या बायकांची जीप आली. पहिल्या बाईचं बोट उमटेना. काळं पडलेलं, विळ्याच्या चिरा पडलेलं बोट. मागून सरांचा आवाज आला, "हात धुवायला पाठव." ती बिचारी निघालीसुद्धा, नळ कुठं आहे ते विचारत.

मी पेन टेबलावर ठेवलं. "थांबा मावशी," म्हटलं आणि तिचा हात धरला. खरखरीत होता, गरम होता. काचेवर ठेवला. लाल. मग मी टेबलाखालून रजिस्टर काढलं.

"सही येते?"

"न्हाई बाई."

"मग नाव सांगा, मी लिहिते."

सर तरातरा आले. "ते रजिस्टर गेस्टसाठी आहे."

"या गेस्टच आहेत. तिकीट काढलंय त्यांनी."

"कुणाच्या परवानगीने चाललंय हे?"

मी रजिस्टर मिटलं नाही. "रविवारी तुम्ही जिला हसलात ना सर, ती माझी आई होती. तिला बाजूला व्हा म्हणणारी मी होते."

शेजारच्या यंत्रावरची मुलगी वळून बघायला लागली. सरांनीही तिकडं एकदा बघितलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अगं, मग आधी नाही का सांगायचं? तुझी आई म्हटल्यावर आपण सोडलंच असतं."

"माझी आई म्हणून नको, सर. हातात तिकीट आहे म्हणून सोडा."

त्या सगळ्या बायका त्या दिवशी रजिस्टरमधून आत गेल्या. मी एकेकीचं नाव लिहिलं. संध्याकाळी मला ऑफिसात बोलावलं आणि उद्यापासून गेटवर यायचं नाही असं सांगितलं. आता मी मागच्या बाजूला हवेच्या ट्यूब धुते, जिथं पाहुणे येत नाहीत. कंटाळून मी स्वतःच निघून जाईन असा त्यांचा हिशेब आहे. डब्याला आता मी एकटी असते. एका मुलीनं हळूच विचारलं, "तू सांगितलं नाहीस कधी?" काय सांगितलं नाही, ते तिनं उच्चारलं नाही. मीच उच्चारलं. मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना अर्ज दिला. ज्याचं बोट उमटत नाही किंवा ज्याला ते द्यायचं नाही, त्या प्रत्येकाला रजिस्टर मिळालं पाहिजे, मग तो मोटारीतून येवो की जीपमधून. खाली पूर्ण नाव लिहिलं. माझं, आईचं, वडिलांचं आणि बिल्ल्यावर नव्हतं ते आडनाव. क्लार्क म्हणाला, "नुसती सही चालली असती." मी म्हटलं, पूर्णच घ्या, आणि पोच द्या. उत्तर आलेलं नाही. पहिल्या तारखेला दुसरा अर्ज दिला. त्याचीही पोच जपून ठेवली आहे.

आईला फोन करून म्हटलं, एकदा ये, मी स्वतः तुझी सही घेते. ती म्हणाली, "आता न्हाई यायचं मला तिकडं. तू नीट राहा." ती येणार नाही. त्या दिवशी रजिस्टरमध्ये तिच्या सहीची जागा होती आणि ती मी तिला दिली नाही. हे कुठल्या अर्जानं भरून निघणार नाही, आणि मला ते भरून काढायचंही नाही. लक्षात ठेवायचं आहे.

मी इथून हलणार नाही. रजिस्टर गेटवर सगळ्यांसाठी खुलं होईपर्यंत दर महिन्याला अर्ज देणार, पूर्ण नावानं. आणि माझ्या हातातलं पेन पुन्हा कुणाच्या बोटावर टेकणार नाही.